भेदाचा आकडा

हजिऱ्याच्या पुढे, बंद गिरणीच्या भिंतीला टेकून
धापूबाईचा डेरा : एक गाडा, एक भाता, दोन ऐरणी,
आणि तीस वर्षांची काळी माती.
मंगळवारी घण उचलताना तिच्या नाकातली चमकी उडाली.
तांदळाच्या कणीएवढं सोनं.
“फणसे बाबूजी, वो मशीन लाओ ना.”

जावयाने दिलेलं यंत्र. चालू केलं
आणि जमीन अंगावर ओरडली.
नालेचे खिळे, सांडशीचा तुटका पाय, विळ्याचं शेंड,
तापल्या लोखंडाचे झडलेले पापुद्रे,
पावलागणिक गुर्र, गुर्र.
पहिल्या तासात मी सतरा खड्डे खणले,
सतरा वेळा लोखंड.
धापूबाईचा नातू हसून हसून गाड्याखाली गेला.

मग पुस्तिका काढली, चष्मा लावला.
लोखंड नको असेल तर भेद वाढवा.
दहा. वीस. पस्तीस.
चाळिसाला सगळं शांत.
वा! म्हटलं, हे आधी का नाही केलं?
दुपारभर त्या शांततेत फिरलो,
नुकत्याच सारवलेल्या अंगणात फिरावं तसा.
काही सापडलं नाही.
काही वाजलंच नाही.

रात्री मालूकडे मंगळसूत्रातला एक मणी मागितला.
“हरवलास तर यंत्रासकट ओट्यावर झोप.”
सकाळी तो मणी पुरला, काडेपेटीइतका खोल,
शेजारी एक वाकडा खिळा.
चाळिसावर यंत्र फिरवलं.
गप्प.
खिळा काढून घेतला. तरी गप्प.
माझ्या डोळ्यांदेखत पुरलेलं सोनं, आणि गप्प.

भिंतीपलीकडे माझं विणाई खातं होतं.
जॉबर होतो, बावीस वर्षं.
तीनशे माग एकदम चालले की दात हलायचे,
पण एकाचा धोटा अर्ध्या तालाने मागे पडला
तर आपोआप मान वळायची :
सव्वीस नंबर, रामदीनचा.
खातं बंद करून कुणी कधी ऐकलं नाही.
खातं बंद झालं
ते नंतर. आणि तेव्हा ऐकण्यासारखं काही उरलं नाही.

धापूबाईला म्हटलं, तुझं लोखंड फार बोलतं.
ती भाता ओढता ओढता म्हणाली,
“लोहे को चुप करा दोगे, तो हम खाएँगे क्या?”

आकडा खाली आणला. सातावर.
संवेदना दोन घरं उतरवली,
स्वतःच्याच आवाजाला दचकत होतं बिचारं.
मोठी थाळी काढून बशीएवढी लावली.
आणि हळू. इतकं हळू
की नातू कंटाळून पतंगामागे गेला.
लोखंड गुरगुरत राहिलं, भरड, जाड गळ्याचं,
मी गुरगुरू दिलं.
मोठा पत्रा लबाड, सोन्याचा सूर लावतो,
पण आडवं होऊन परत ऐकलं की आवाज फाटतो.
गुटख्याच्या पुडीची चांदी फाटत नाही.
तिने मला चार वेळा फसवलं.

तिसऱ्या दिवशी ऐरणीपासून हातभर अंतरावर,
दोन गुरगुरींच्या मधल्या फटीत,
काहीतरी कुजबुजलं.
आडवं झालो. तेच.
उलटीकडून आलो. तेच.
बोटांनीच माती काढली.

धापूबाईने चमकी लुगड्याला पुसली,
न बघता नाकात घातली,
आणि माझ्या खड्ड्यांपाशी बसली.
मी बाजूला फेकलेले एकेचाळीस तुकडे
तिने एकेक करून ओच्यात भरले.

रविवारी नातू घरी आला.
कागदात गुंडाळलेलं एक खुरपं,
मूठ अजून कोमट.

आता कुठेही शोधायला गेलो
की खणायला तेच नेतो,
आणि आठवणीने चार पावलं दूर ठेवतो.
जवळ राहिलं
तर यंत्र त्यालाच बघून गुरगुरतं.